दाजींचं घासयंत्र

आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, जावयाला उद्देशून एकही वाकडा शब्द कधी काढला नाही. त्यामुळे दाजी आमच्या घरी राहिले त्या आठ-नऊ महिन्यांत तिचे सगळे वाकडे शब्द माझ्या वाट्याला आले. मागच्या खोलीत भुसा पडला की ती मला विचारायची, "नंदे, ही खोली हाय का लाकडाची वखार?" मोटर सुरू झाली आणि चुलीवरचा बल्ब मिणमिणला की, "नंदे, आता चिमणी लावून भाकरी थापू का मी?" दाजी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, स्क्रू पिळत बसलेले असत. ते मान खाली घालून ऐकत आणि मी मान वर करून ऐकत असे, एवढाच आमच्यात फरक. खोली माझी नव्हती, भुसा माझा नव्हता, ते यंत्र तर मुळीच माझं नव्हतं. मी मॅट्रिकला होते आणि मला फक्त बीजगणित करायचं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माणूस वऱ्हाडातला, वन खात्यात कारकून. लग्नानंतर अक्का त्यांच्याबरोबर मेळघाटात गेली आणि चार वर्षांत दोनदाच माहेरी आली. मग एकाएकी दाजींची सोलापूरला बदली झाली आणि नागपंचमीच्या सुमारास दोघं एक ट्रंक आणि दोन वळकट्या घेऊन दारात उभी राहिली. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत महिनाभर राहायचं असं ठरलं होतं. बदली त्यांनी साहेबाच्या हातापाया पडून मागून घेतली होती हे आम्हाला फार नंतर कळलं. अक्काचं मूल त्याआधी दोन महिने गेलं होतं. दिवस भरत आले होते, आणि ते पोटातच गेलं. याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलायचं नाही म्हणून अव्वा खायला घालायची. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, तुपात भिजलेला शिरा. आमच्या सगळ्यांच्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि अक्कापुढं मऊ भात, त्यावर तुपाची धार. मधल्या खोलीत तिच्यासाठी खाट टाकली होती. पाण्याची कळशी उचलायची नाही, वाकून केर काढायचा नाही, वाऱ्यात बसायचं नाही. अक्का पुढ्यात येईल ते खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. काय पाहिजे असं विचारलं की म्हणायची, "काही नको."

घर माळवदाचं, मिलच्या मागच्या गल्लीत. अप्पा त्याच मिलमध्ये मागांचे फिटर होते. पहाटेचा भोंगा झाला की ते निघत आणि दुपारी साडेतीनला हातावर ग्रीसचा वास घेऊन परत येत. शेजारी नरसम्मा राहायची. तिच्या घरात दोन माग होते आणि त्यांची खटाखट दिवसभर आमच्या भिंतीतून येत असे. मला त्या आवाजाची इतकी सवय होती की माग बंद पडला तरच माझं लक्ष पुस्तकातून उडे. म्हणजे अभ्यासाला मी काही शांततेची लाडावलेली नव्हते. दाजींच्या यंत्रानं मात्र मला हरवलं.

दसऱ्यानंतर एका रविवारी दाजींनी हातगाडीवरून एक भलामोठा ओंडका आणि बांबूंचा भारा आणला. ओंडका धामणीच्या झाडाचा होता, मेळघाटातल्या कुणा ओळखीच्या माणसाकडून ट्रकनं मागवलेला. ते अप्पांना म्हणाले, "मामा, मागच्या खोलीत थोडं सामान ठेवून राहिलो. चालेल ना?"

अप्पा म्हणाले, "ठेवा की. घर तुमचंच हाय."

हे वाक्य अप्पांना फार जड गेलं.

मेळघाटात असताना दाजींना धनुष्यबाणाचा नाद लागला होता. तिकडचे लोक अखंड बांबूचं धनुष्य करतात. दाजींचे एक जुने साहेब मात्र म्हणत की लाकडाच्या आणि बांबूच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्य केलं तर ते हलकं होतं आणि वर्षानुवर्षं चिवट राहतं. साहेबांनी निवृत्त होताना त्यांना इंग्रजीत टाइप केलेली वीसेक पानं दिली होती. त्यात सगळी कृती होती. अडचण पट्ट्यांची. प्रत्येक पट्टी मधे जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत गेलेली हवी, आणि तेही इतकं सारखं की बोट फिरवून चढउतार कळता कामा नये. दाजींनी पंधरा दिवस रंधा मारून पाहिला. पट्ट्या झाल्या, पण प्रत्येकीचं अंग वेगळं. मग त्यांनी साहेबांच्या पानांतलं शेवटचं प्रकरण उघडलं. पट्ट्या घासायचं यंत्र घरी कसं करावं.

चित्रात ते अगदी सोपं दिसत होतं. एक लाकडी रूळ, त्याला गुंडाळलेला जाड पॉलिश पेपर, रूळ फिरवायला मोटर, आणि रुळाखाली वरखाली होणारी फळी. फळीवरून पट्टी रुळाखाली सरकवायची की झालं. दाजींनी जुन्या बाजारातून मोडीत काढलेल्या मागाचा एक रूळ आणला. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणली. पट्टा आणला, दोन बेअरिंगं आणली. आता हे सगळं उभं कशावर करायचं, तर दाजी माझ्याकडं वळून म्हणाले, "नंदा, तुझं टेबल दे न. आठ दिवसांत परत करतो."

आठवीत वर्गात पहिली आले म्हणून अप्पांनी ते टेबल मला करून दिलं होतं. गल्लीत दुसऱ्या कुठल्या मुलीकडं टेबल नव्हतं. मी अव्वाकडं पाहिलं. अव्वानं डोळ्यांनीच सांगितलं की जावयाला नाही म्हणायचं नसतं. दाजींनी त्याच दुपारी त्याला चार भोकं पाडली. तेव्हापासून मी पिठाच्या डब्यावर वही ठेवून त्रिकोणमिती केली. आजही कुणी माझ्याकडं आठ दिवसांसाठी काही मागितलं की माझ्या कपाळाला आठी पडते.

इंग्रजी पानांचं भाषांतरही माझ्याच गळ्यात पडलं. दाजींना ऑफिसचं इंग्रजी येत होतं. अर्ज, रजा, संदर्भ क्रमांक. यंत्राचं इंग्रजी वेगळं. मी डिक्शनरी उघडून एकेक वाक्य वहीत मराठीत उतरवायचे आणि दाजी त्याबरहुकूम ठोकाठोक करायचे. माझं इंग्रजी वर्गात सगळ्यात चांगलं होतं आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. रूळ फिरताना धाडधाड आपटायचा. टेबल दर मिनिटाला बोटभर सरकायचं, म्हणून त्याच्या पायांना जात्याची तळी टेकवून ठेवावी लागली. जातं बंद म्हणून अव्वाचा भरडा बंद, आणि त्याबद्दल मला बोलणी. पट्टी रुळाखालून बाहेर यायची ती वाऱ्यानं वाळूवर लाटा उठतात तशी होऊन. दाजी ती उजेडात धरून बघत, उसासा टाकत आणि दुसरी घेत. धामणीचा पिवळट भुसा मैद्यासारखा बारीक. तो चटणीच्या उखळात गेला, दह्यात गेला, माझ्या केसांत आणि कंपासपेटीत गेला. नरसम्मा परसातल्या तारेवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घालायची, त्यांच्यावरही जाऊन बसला. ती कमरेवर हात ठेवून आमच्या दारात आली. दाजी समोरच होते. तिनंही मलाच विचारलं, "नंदा, मी सूत रंगवते का भुसा रंगवते?"

अप्पा काही बोलत नसत. साडेतीनला यायचे, हातपाय धुवायचे, चहाची बशी तोंडाला लावायचे, आणि आतून रुळाची आपटणी सुरू झाली की त्यांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा व्हायचा. अर्धा चहा ठेवून ते पायात चपला घालत आणि बाहेर निघून जात. तीन महिने हे असंच चाललं. मला वाटायचं, ते दाजींना कंटाळलेत. मी तर कंटाळलेच होते. एकदा दाजींनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि माझ्या पसरलेल्या हातांचं माप दोरीनं घेतलं. हे धनुष्य माझ्यासाठी तर करत नाहीत ना, अशी शंका येऊन मी आणखीच वैतागले. म्हटलं, "दाजी, मला असलं काही येत नाही आणि शिकायचंही नाही." ते म्हणाले, "नाही गं. तुझी उंची बरोबर आहे, म्हणून." कशाशी बरोबर, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. परीक्षा तोंडावर आलेल्या माणसाला दुसऱ्याची उंची सुचत नाही.

मग भोगी आली. मिलला सुट्टी होती. अव्वानं सकाळपासून भोगीची भाजी केली होती. हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, पावटा, बोरं, वर तिळाचं कूट. बाजरीच्या भाकऱ्यांना तीळ लावून त्या टोपलीत उभ्या करून ठेवल्या होत्या. अप्पा पाटावर बसले होते. अक्काला खाटेवरून उठवून भिंतीला टेकवून बसवलं होतं. दाजी आत होते. "एवढी एक पट्टी काढतो आणि आलो," असं म्हणाले होते. मी ताटं मांडत होते. आतून मोटरीचा आवाज आला, मग एक कचकन आवाज, आणि मागच्या खोलीच्या दारातून हातभर लांबीची पट्टी बाणासारखी सुटून आली. ती अप्पांच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेली आणि भाजीच्या मातीच्या गाडग्यावर बसली. गाडग्याचे दोन तुकडे झाले. भाजी चुलीच्या राखेत आणि अव्वाच्या नव्या लुगड्यावर.

दाजी दारात आले. त्यांच्या भुवया भुशानं पांढऱ्या झाल्या होत्या. "कुणाला लागलं का?" त्यांनी विचारलं.

कुणाला लागलं नव्हतं. अव्वा राखेतली भाजी गोळा करायला लागली. अप्पांनी कान चाचपला, पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि फार सावकाश म्हणाले, "जावईबापू, तुमच्या क्वार्टरचं काय झालं?"

एवढंच. पण सासऱ्यानं जावयाला हे विचारणं म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळलं. अव्वाचा हात राखेतच थांबला.

"उद्या चौकशी करतो, मामा," दाजी म्हणाले. मग ते आत वळले. थोड्या वेळानं पान्याचा आवाज आला. ते यंत्राचे नट सोडवत होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. टेबल परत मिळणार, एवढंच माझ्या मनात आलं.

अक्का भिंतीचा आधार घेऊन उठली. कुणी हात दिला नाही, कारण ती उठेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. ती मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "सोडवू नका." मग आमच्याकडं वळली. "अप्पा, ते धनुष्य त्यांचं न्हाय. माझं हाय."

अप्पांना ऐकू आलं नसावं असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं. मेळघाटात क्वार्टरमागच्या माळावर दाजी संध्याकाळी नेम मारायचे. ती नुसती बघत बसायची. एकदा तिनं सहज धनुष्य हातात घेतलं. पुढं रोज घ्यायला लागली.

"माझा बाण हातभर चुकतो, मामा," दाजी आतून म्हणाले. "हिचा बोटभर. पण तिथलं धनुष्य हिला जड जात होतं. खांदा दुखायचा. हलकं करून द्यायचं होतं. नंदाची उंची हिच्याएवढीच, म्हणून माप तिचं घेतलं."

"मग तसं सांगायचं हुतं की," अप्पा म्हणाले.

"सांगितलं असतं तर मामींनी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं. माझा नाद म्हटल्यावर कोणी काही म्हणणार नव्हतं."

अव्वा राखेनं माखलेले हात तसेच धरून उभी राहिली. "ह्या अंगानं धनुष्य ओढणार तू?" ती अक्काला म्हणाली. "पोटावर ताण आला म्हंजे? अजून कुटं सहा-सात महिने झालेत."

अक्का म्हणाली, "लेकरू गेलं, अव्वा. मी हाय की अजून."

ती ओरडली नाही. भात नको म्हणावं तशा आवाजात म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी उगाचच ताटं पुन्हा मांडायला घेतली. तीन महिने त्या माणसानं माझी आदळआपट सोसली होती, अव्वाचं मला उद्देशून चाललेलं बोलणं सोसलं होतं, नरसम्माचं सोसलं होतं. एका शब्दानं त्यांना सुटका करून घेता आली असती. आणि मी रोज त्यांच्यावर डाफरले होते. मला आपली बीजगणिताची काळजी.

अप्पा पाटावरून उठले आणि आत गेले. मला वाटलं, ते दाजींच्या खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी रुळावर हात ठेवला. हातानंच तो एक फेरा फिरवला, खाली वाकून डोळा बारीक करून बघितला, आणि मग तीन महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं.

"ह्याला बेअरिंग बसवलं म्हणतात? ही बाजू सूतभर खाली हाय. हा रूळ गोल हाय का वांगं हाय? पट्टा तिरका, पुली तिरकी, आन् लाकडाच्या टेबलावर मोटर. मिलमधी एखाद्या पोऱ्यानं असं काम केलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता. रोज ऐकतोय मी. धाड, धाड, धाड. घोटभर चहा गोड लागंना."

"मग सांगायचं होतं ना, मामा," दाजी म्हणाले.

"जावयाला चूक दाखवायची व्हय?"

"आणि मी सासऱ्याला कामाला लावायचं?"

म्हणजे दोन शहाण्या माणसांनी एकमेकांचा मान राखण्यापायी तीन महिने सगळ्या घराला भुसा खायला घातला होता. माझी लाज तिथल्या तिथं ओसरली आणि वैताग परत आला, तो बराच काळ टिकला.

अप्पांनी मग विचारलं, "पट्टी कुटनं घालता?" दाजींनी दाखवलं. "आन् रूळ कुणीकडं फिरतो?" तेही दाखवलं. अप्पांनी कपाळाला हात लावला. "अवो, रूळ जिकडं फिरतो तिकडंच पट्टी ढकलली तर तो तिला ओढून फेकणारच की. समोरनं घालायची. फिरण्याच्या उलट."

"पानांत तर असंच आहे," दाजी म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं.

मी पानं आणि वही घेऊन परसात गेले. ते वाक्य सापडलं. पट्टी रुळाच्या फिरण्याच्या 'अगेन्स्ट' सरकवावी, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. शाळेच्या पुस्तकात शिडी भिंतीच्या 'अगेन्स्ट' ठेवतात, म्हणजे भिंतीला टेकवून. मी वहीत लिहिलं होतं, 'पट्टी फिरत्या रुळाला टेकवून सरकवावी.' वर्गातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी. त्यापायी अप्पांचा कान जायचा, तो थोडक्यात वाचला होता. मी आत आले आणि म्हणाले, "टाइप करताना त्यांची काहीतरी चूक झालेली दिसते." दाजी म्हणाले, "असेल." त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहायलाच बसलेय तर तेवढी चूक कबूल करते.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी यंत्र ताब्यात घेतलं. माझं टेबल त्यांनी एका दुपारी मोडून जळणात टाकलं. "ह्या लाकडात दम न्हाय," असं म्हणाले, स्वतःच केलं होतं तरी. लोखंडी अँगलचा सांगाडा उभा केला. बेअरिंगं समपातळीत बसवली. दाजींना वाटत होतं रूळ पुन्हा लेथवर चढवून आणावा. अप्पा म्हणाले, लेथवर कितीही गोल केला तरी जागेवर बसल्यावर तो वाकडाच फिरणार. त्यांनी रूळ जागेवर बसवला, कागद न लावता तसाच चालू केला, आणि खालच्या फळीला खरखरीत पॉलिश पेपर चिकटवून ती फळी केसाकेसानं वर घेत गेले. रुळाचा जो भाग बाहेर आला होता तो आपोआप घासला जात होता. धाडधाड कमी होत धडधड झाली, मग नुसती घरघर, आणि शेवटी भुंगा फिरावा तसा एकसारखा आवाज यायला लागला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. "आता चहा टाक," ते मला म्हणाले.

पट्टीला उतार यावा म्हणून तिच्याखाली पाचरीसारखी तासलेली एक लांब फळी घालायची, हे पानांतलं मी बरोबर लिहिलं होतं, याची नोंद व्हावी. पट्ट्यांची जाडी मोजायला अप्पांनी स्वतःचा मायक्रोमीटर काढला, आणि आकडे वाचायला मला बसवलं, कारण त्यांचा चष्मा जवळचं नीट दाखवत नव्हता. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माझी पूर्वपरीक्षा चालू होती आणि मी दर वीतभरावर पट्टी चिमटीत धरून थाऊ वाचत होते. दोन थाऊ जास्त निघाले तर अप्पा ती पट्टी बाजूला टाकत आणि दाजी ती हळूच परत उचलून आणत. मग दोघांचा वाद. पूर्वी मला यंत्राचा आवाज सोसावा लागायचा, आता माणसांचाही. पहिलं धनुष्य चिकटवलं ते पीळ पडून निघालं. अप्पांचं म्हणणं चूक गोंदाची, दाजींचं म्हणणं पट्टीची. दुसऱ्याला त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलं आणि दोन दिवस माळवदावर उन्हात ठेवलं. ते सरळ निघालं.

अव्वा या सगळ्यात कुठं नव्हती. ती अक्काशी आठ दिवस धड बोलली नाही. मग एका सकाळी पाणी भरायच्या वेळी तिनं काही न बोलता अक्कापुढं कळशी ठेवली आणि निघून गेली. अक्का उठली आणि पाणी भरून आली. त्या दिवशी सगळ्यांच्या ताटात कडक भाकरी होती.

पुढं काय झालं तेही सांगून टाकते. क्वार्टर मिळालं आणि उन्हाळ्यात ती दोघं गेली. त्यांना मूल झालं नाही. लोक हळहळायचे, अक्का मात्र त्या बोलण्यात कधी सामील झाली नाही. दाजींच्या बदल्या होत त्या त्या गावी ती शाळेतल्या मुलींना धनुष्यबाण शिकवायची, सुरुवातीला फुकट, नंतर शाळेत बाई म्हणून पगारावर. यंत्र आमच्याकडंच राहिलं. अप्पा निवृत्त झाल्यावर त्यावर पोळपाट घासून द्यायचे. मला मॅट्रिकला सेकंड क्लास मिळाला. बीजगणितात चाळीस.

पण मला लिहायचा होता तो धनुष्याचा पहिला दिवस. माझ्या परीक्षेला आठ दिवस उरले होते. कुंभारीच्या रस्त्याला अप्पांच्या ओळखीच्या एकांचं शेत होतं, ज्वारी नुकतीच काढलेली. आम्ही टांगा करून गेलो. अव्वा आली नाही. भाकरी, चटणी आणि दह्याचं गाडगं तिनं बांधून दिलं, आणि मला बजावलं, "ती दमली की लगीच घरी आणायचं." दाजींनी कडब्याच्या चार पेंड्या एकत्र बांधून उभ्या केल्या आणि त्यावर खडूनं रंगवलेला पुठ्ठा अडकवला. पायाखाली ज्वारीची धसकटं टोचत होती. ऊन नुकतंच चढायला लागलं होतं. अप्पा बांधावर बसले आणि धनुष्याकडंच बघत राहिले, अक्काकडं नाही. एखादी पट्टी सुटते का, ते बघत असावेत.

अक्कानं पदर कमरेला खोचला. धनुष्य उचललं, दोरी ओढली आणि पुन्हा सैल सोडली. दुसऱ्यांदा ओढली ती बाण लावून. पहिला बाण पेंड्यांच्या पलीकडं गेला. दुसरा धसकटांत. मी पळत जाऊन शोधून आणला. पाच बाण होते, आणि ते आणायचं काम कुणी न ठरवता माझ्याकडं आलं होतं. तिसऱ्या फेरीत एक बाण पेंडीत बसला. दाजींनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. चौथ्या, पाचव्या फेरीला बाण पुठ्ठ्याच्या आसपास लागायला लागले. मी मोजणं सोडून दिलं. माझ्या पायांना ओरखडे आले होते, परकराला कुसळं चिकटली होती, घशाला कोरड पडली होती, आणि घरी भूमितीची वही उघडी ठेवून आले होते. अप्पा म्हणाले, भाकरी खाऊन घेऊ. दाजी म्हणाले, खांदा दुखेल हं आता. अक्कानं दोघांकडं लक्ष दिलं नाही. तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि मानेवरून घाम ओघळत होता.

मी पाच बाण तिच्या हातात कोंबले आणि म्हणाले, "अक्का, बास की आता. मला अभ्यास हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. नागपंचमीपासून त्या दिवसापर्यंत तिनं आमच्या घरात कुणाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. पाणीसुद्धा नाही.

"अजून पाच," ती म्हणाली. "मारले की दे आणून, नंदे."

मी कुरकुरत गेले. पेंड्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि ती मारायची वाट बघू लागले.